छोट्या कॉलेजांचं महिला बास्केटबॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या मुलींचे सामने नियमाने पाहणारी मराठी माणसं थोडी आहेत, पण आहेत. कुणाची भाची तिथे शिकते, कुणी नोकरीनिमित्त अशा कॉलेजच्या गावात राहतं, कुणी शाळेत असताना स्वतः खेळलेलं असतं. सामन्यानंतर गप्पा रंगल्या की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत. काही ठिकाणी माझं स्वतःचं मत आहे, ते मत म्हणूनच वाचावं.

छोटी कॉलेजं म्हणजे नेमकी कोणती?

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संस्था पाहते. १९७३ साली तिने आपल्या सदस्य कॉलेजांचे तीन गट केले. टीव्हीवर दिसतात, हजारोंची स्टेडियम भरवतात, ती पहिल्या गटातली, म्हणजे डिव्हिजन वनची. आपण बोलतोय ते डिव्हिजन थ्रीबद्दल. नाव तिसरं असलं तरी सदस्यसंख्येने हाच गट सगळ्यात मोठा आहे आणि महिला बास्केटबॉलचे चारशेहून अधिक संघ त्यात आहेत. एनसीएएच्या उत्पन्नातला फक्त ३.१८ टक्के वाटा या गटाला मिळतो.

एनएआयए ही वेगळी संघटना आहे, तिच्यातही छोटी कॉलेजं पुष्कळ. केंटकीतल्या थॉमस मोरने २०१९ मध्ये डिव्हिजन थ्रीचं विजेतेपद मिळवलं, मग एनएआयएमध्ये जाऊन २०२२ ला तिथलंही पटकावलं. वरच्या संघांच्या बाबतीत दोन्हीकडच्या दर्जात फार अंतर नाही, हे त्यावरून कळतं.

खेळासाठी शिष्यवृत्ती मिळते का?

नाही. डिव्हिजन थ्रीची ओळखच ती आहे. खेळाच्या जोरावर एक डॉलरही फी माफ होत नाही. घरच्या आर्थिक परिस्थितीनुसार मदत मिळते, मार्कांवर मिळते, पण ती इतर विद्यार्थ्यांना मिळते तशीच. खेळाडूंना झुकतं माप दिलं जात नाही ना, याची तपासणीही होते. काही कॉलेजांत प्रवेश देताना कोचच्या शिफारशीला वजन असतं. फीच्या बाबतीत मात्र कोचच्या हातात काही नाही.

२०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमावता येतात आणि तो नियम इथेही लागू आहे. छोट्या कॉलेजात त्यातून मिळणारी रक्कम बहुतेकदा किरकोळच असते.

मग या मुली एवढं का खेळतात?

खेळायला आवडतं म्हणून. याहून मोठं उत्तर शोधण्याची गरज मला कधी वाटली नाही. सकाळी जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल, दुपारी वर्ग, संध्याकाळी दोन-अडीच तास सराव, शुक्रवारी बसमध्ये बसून परगावी आणि परत येताना बसच्या मंद दिव्यात निबंध लिहिणं, असा चार वर्षं दिनक्रम चालतो. एनवाययूला, म्हणजे न्यूयॉर्क विद्यापीठाला, १९९७ चं विजेतेपद मिळवून देणारी निर्णायक बास्केट मार्शा हॅरिसने शेवटच्या क्षणांत केली. पुढे ती सर्जन झाली. या गटात अशी वाट धरणाऱ्या मुली भरपूर आहेत.

दर्जा खरंच चांगला असतो का?

असतो. डंक दिसणार नाहीत, सहा फूट चार इंचांची सेंटर क्वचित दिसेल. पासिंग, पायांची हालचाल, एकमेकींच्या मदतीला धावून जाणारा बचाव या गोष्टी मात्र फार उच्च प्रतीच्या असतात. उंची कमी असल्याने संघाला डोक्याने खेळावं लागतं. पोस्टमधल्या, म्हणजे बास्केटजवळ उभ्या असलेल्या मुलीकडे बॉल गेला की उरलेल्या चौघी काय करतात ते एकदा पाहा: एक रिकाम्या कोपऱ्यात सरकते, दुसरी बचाव करणारीच्या पाठीमागून बास्केटकडे कट मारते आणि जिच्याकडे बॉल आहे तिला न बघताच ते कळलेलं असतं. तीन-चार वर्षं त्याच पाचजणी एकत्र खेळल्याशिवाय हे जमत नाही, आणि इथे संघ तेवढा काळ एकत्र राहतात.

या खेळात छोट्या कॉलेजांचं एवढं महत्त्व कशामुळे?

कारण महिला बास्केटबॉलचा जन्मच छोट्या कॉलेजात झाला. जेम्स नेस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत हा खेळ शोधला. तिथून जेमतेम वीस मैलांवर नॉर्थॅम्प्टनमध्ये स्मिथ हे मुलींचं कॉलेज आहे. तिथल्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी पुढच्याच वर्षी तो मुलींना शिकवला. मार्च १८९३ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत येऊ दिलं नव्हतं. बेरेन्सन यांनी नियमही बदलून घेतले. मैदानाचे तीन भाग केले, आपला भाग सोडून जायला मनाई केली, बॉल हिसकावून घ्यायचा नाही असं ठरवलं. मुलींना एवढं धावणं झेपणार नाही, असा त्या काळचा समज होता. त्यातही मुलींना खेळायला मिळावं म्हणून बेरेन्सन यांनी वाट काढली. त्यांचा मला मनापासून आदर वाटतो.

वायएमसीएनेच हा खेळ भारतात आणला. स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. मुंबईत नागपाड्याचं मस्तान वायएमसीएचं कोर्ट ज्यांनी पाहिलंय त्यांना हा धागा लगेच उमगेल.

दुसरं नाव घ्यायलाच हवं ते इमॅक्युलाटाचं. फिलाडेल्फियाजवळचं हे कॅथलिक नन्सनी चालवलेलं छोटंसं मुलींचं कॉलेज. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा तेव्हा एनसीएए भरवत नसे, एआयएडब्ल्यू नावाची संस्था भरवायची. तिच्या पहिल्या तीन स्पर्धा, १९७२, १९७३ आणि १९७४, इमॅक्युलाटाने जिंकल्या. कोच होत्या कॅथी रश. पाठीराखे पत्र्याच्या बादल्या बडवत बसायचे आणि नन्सही त्यात सामील व्हायच्या. २२ फेब्रुवारी १९७५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इमॅक्युलाटा विरुद्ध क्वीन्स कॉलेज असा सामना झाला तेव्हा बारा हजारांच्या आसपास लोक आले होते. पुढे मोठ्या विद्यापीठांनी महिला खेळांत पैसा ओतला आणि ही कॉलेजं मागे पडली. त्या संघातल्या थेरेसा शँक, रेने म्यूथ, मेरियन क्रॉफर्ड मात्र पुढे देशभर गाजलेल्या कोच झाल्या.

एनसीएएची डिव्हिजन थ्री महिला स्पर्धा कधीपासून आहे?

१९८२ पासून. पेनसिल्व्हेनियातलं एलिझाबेथटाउन कॉलेज पहिलं विजेतं ठरलं.

अलीकडे कोणते सामने गाजले?

चर्चा सुरू होते ती बहुतेकदा २०२० पासून, आणि तीही न झालेल्या सामन्यांपासून. मिशिगनमधल्या होप कॉलेजचा संघ त्या मोसमात एकही सामना हरला नव्हता. शेवटच्या सोळा संघांची फेरी तोंडावर आलेली असताना कोविडमुळे स्पर्धाच रद्द झाली. २०२१ मध्येही ती भरली नाही. २०२२ ला पिट्सबर्गमध्ये होपने विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरला ७१-५८ असं हरवलं आणि कोच ब्रायन मोरहाउस यांच्या मुलींना हक्काचा करंडक मिळाला. कॉलेज सोडून गेलेल्या ज्या मुलींचं २०२० चं स्वप्न अर्धवट राहिलं, त्यांचं काय, हा प्रश्न होपचे पाठीराखे अजून काढतात. मला तो रास्त वाटतो.

२०२३ चं विजेतेपद केंटकीतल्या ट्रान्सिल्व्हेनियाचं. १७८० मध्ये स्थापन झालेलं हे लेक्सिंग्टन शहरातलं विद्यापीठ. त्या वर्षी उपांत्य सामने हार्टफर्डमध्ये झाले आणि अंतिम सामना दोन आठवड्यांनी डॅलसला, डिव्हिजन वनच्या फायनल फोरच्या, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या सामन्यांच्या निमित्ताने त्याच भव्य अरीनात. ट्रान्सिल्व्हेनियाने ख्रिस्तोफर न्यूपोर्टला ५७-५२ असं नमवलं आणि मोसम ३३-० असा संपवला. एरवी चार-पाचशे लोकांपुढे खेळणाऱ्या मुली एवढ्या मोठ्या छताखाली उभ्या राहिल्या. तिथे पहिले काही शॉट चुकतातच, कारण बास्केटच्या मागे भिंत नसते आणि अंतराचा अंदाज येत नाही. म्हणून तो सामना कमी गुणांचा झाला असं म्हणणारे आहेत. दोन्ही संघांचा बचाव जबर होता, हे मला त्याहून मोठं कारण वाटतं.

२०२४ मध्ये एनवाययूने उपांत्य फेरीत याच ट्रान्सिल्व्हेनियाची घोडदौड थांबवली. अंतिम सामना ओहायोतल्या कोलंबसमध्ये स्मिथशी झाला आणि एनवाययूने तो ५१-४१ असा जिंकला. १९९७ नंतरचं त्यांचं हे पहिलं विजेतेपद. कोच मेग बार्बर स्वतः एनवाययूच्या माजी खेळाडू. तिथल्या जुन्या पाठीराख्यांना या विजयाचं अप्रूप वाटायला आणखी एक कारण होतं. विद्यापीठाची जुनी क्रीडा इमारत पाडल्यावर नवीन पॉल्सन सेंटर उघडेपर्यंत संघाला काही वर्षं स्वतःचं घरचं मैदानच नव्हतं.

मार्च २०२५ मध्ये पुन्हा तेच दोन संघ अंतिम सामन्यात आले. या वेळी चुरस झाली नाही. एनवाययूने ७७-४९ अशी बाजी मारली. दोन मोसम, ६२ सामने, ६२ विजय. ज्या कॉलेजात मुली पहिल्यांदा बास्केटबॉल खेळल्या, त्याच कॉलेजचा संघ सलग दोन वर्षं अंतिम फेरीत हरला, याची मला आजही हळहळ वाटते. पण ४९ गुणांवरून स्मिथला कमकुवत म्हणणं चूक आहे. कोच लिन हर्सी यांनी हा संघ ज्या उंचीवर नेला, ती मुलींच्या कॉलेजांना या स्पर्धेत क्वचितच गाठता आली आहे.

सलग विजयांच्या मोठ्या मालिका कुणाच्या?

१९९८ ते २००१ या काळात सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने सलग ८१ सामने जिंकले आणि त्याच काळात सलग चार विजेतेपदंही मिळवली. कोच नॅन्सी फाही. २०१० मध्ये त्यांनी पाचवं जिंकलं. एनवाययूच्या ६२ ची तुलना नेहमी या ८१ शी होते. मधल्या काळात अ‍ॅमहर्स्टने २०१७ आणि २०१८ चे दोन्ही मोसम ३३-० असे संपवले, हे मात्र गप्पांत विसरलं जातं. पैकीच्या पैकी सामने जिंकलेले दोन मोसम पाठोपाठ, तेही ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कठीण कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात दरवर्षी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात. माझ्या यादीत तो संघ फार वर आहे.

वैयक्तिक विक्रमात ब्यूना व्हिस्टाच्या जीनी डेमर्सचं नाव माहीत असावं. १९८४ ते १९८७ या काळात तिने ३,१७१ गुण केले.

मोसम कसा चालतो?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सामने सुरू होतात, साधारण पंचवीस होतात. डिसेंबरमध्ये परीक्षांसाठी खंड पडतो. जानेवारीपासून कॉन्फरन्सचे सामने, फेब्रुवारीअखेर कॉन्फरन्सची स्पर्धा, मार्चमध्ये ६४ संघांची राष्ट्रीय स्पर्धा. एक हरलात की घरी.

प्रत्येक कॉन्फरन्सचा स्वभाव वेगळा. एनवाययू ज्या यूएए कॉन्फरन्समध्ये आहे तिच्यात आठच विद्यापीठं आहेत, पण ती न्यूयॉर्क, बॉस्टनजवळचं वॉल्थम, अटलांटा, शिकागो, सेंट लुईस अशी विखुरलेली. एकमेकांशी दोन-दोन सामने, म्हणजे चौदा, बहुतेक शुक्रवारी आणि रविवारी, विमानाने प्रवास करून. याउलट विस्कॉन्सिनच्या कॉन्फरन्समधली विद्यापीठं सगळी सरकारी, एकाच राज्यातली, बसने जाण्यासारखी, आणि तिथले सामने अंगावर येणारे. मिशिगनमध्ये होप आणि कॅल्विन यांचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्या दिवशी होपच्या साडेतीन हजारांच्या जिममध्ये तिकीट मिळवायला धावपळ करावी लागते.

रँकिंगमध्ये पहिला असलेला संघ कधी कधी स्पर्धेत नीट जागा का मिळवत नाही?

रँकिंग दोन वेगळ्या प्रकारची असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. दर आठवड्याला जाहीर होणारी पहिल्या पंचवीस संघांची यादी मतदानाने ठरते, डी-थ्री-हूप्स या संकेतस्थळाची एक आणि कोचेसची एक. वाचायला रंजक, भांडायला उत्तम, पण स्पर्धेतल्या प्रवेशाशी तिचा काहीही संबंध नाही.

प्रवेशाचं गणित असं. चाळीसहून अधिक संघ आपापली कॉन्फरन्स जिंकून थेट येतात. उरलेल्या जागा बाकी सगळ्यांमधून भरतात. २०२४-२५ च्या आधी विभागीय समित्या बसून चर्चा करायच्या: विजयाची टक्केवारी, प्रतिस्पर्ध्यांची ताकद, एकमेकांविरुद्धचे निकाल वगैरे. त्या मोसमापासून एनपीआय नावाचा निर्देशांक आला आणि तोच निर्णय करतो. त्यात तुम्ही किती जिंकलात हे बघतात, कुणाशी खेळलात हे बघतात, परगावच्या विजयाला जास्त वजन देतात आणि बलाढ्य संघाला हरवलंत तर वरचे गुण मिळतात. एखाद्या फारच कमजोर संघाला हरवल्याने तुमचा निर्देशांक खाली येणार असेल, तर किमान विजयांची अट पूर्ण झाल्यावर तो विजय हिशेबातूनच काढून टाकतात.

एनपीआय आल्यापासून पारदर्शकता वाढली हे खरं. घरबसल्या रोज आकडा पाहता येतो. तरी मला समित्यांची एक गोष्ट आठवते ती ही की, मुख्य खेळाडू जखमी असताना संघ हरला होता की नाही, हे तिथे कुणीतरी बोलून दाखवू शकायचं. आकड्यापुढे बोलायची सोय नाही. दोन-चार दशांशांनी बाहेर राहिलेल्या संघाच्या चौथ्या वर्षाच्या मुलींना काय सांगायचं, हे कुठल्याच पद्धतीत सुटलेलं नाही.

दोन तगडे संघ दुसऱ्याच फेरीत का भिडतात?

पैशामुळे. सुरुवातीच्या फेऱ्या कॉलेजांच्या जिममध्येच होतात, चार-चार संघ एका ठिकाणी. विमानखर्च वाचावा म्हणून जवळचे संघ एकत्र टाकतात. किती मैलांपर्यंत बसनेच जायचं याची मर्यादा ठरलेली असते, कित्येक वर्षं ती ५०० मैल होती. मग न्यू इंग्लंडचे किंवा विस्कॉन्सिनचे चांगले संघ एकमेकांना लवकरच बाहेर काढतात, आणि टेक्सास किंवा पश्चिम किनाऱ्यावरचे थोडे संघ पुन्हा पुन्हा आपसातच खेळतात.

म्हणून "अमुक संघ तर दुसऱ्याच फेरीत हरला" असं म्हणण्याआधी तो कुणाशी हरला ते बघा. माझ्या मते डिव्हिजन थ्रीच्या चर्चेतली सगळ्यात मोठी चूक हीच होते. चारशे संघांतले बहुतेक एकमेकांशी कधीच खेळत नाहीत. निव्वळ निकाल बघून कोण सरस हे सांगता येत नाही, सामना बघावा लागतो.

बॉक्स स्कोअर वाचायचा कसा?

गुणांच्या रकान्यावरून सुरुवात करू नका. आधी संघाला एकूण किती वेळा बॉल मिळाला ते काढा. घेतलेल्या शॉटमधून आक्रमणातले रिबाउंड (आपला शॉट चुकल्यावर परत मिळवलेले बॉल) वजा करा, टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेले बॉल) मिळवा आणि फ्री थ्रोंच्या आकड्याचा साधारण अर्धा मिळवा. समजा एका संघाने ६० शॉट घेतले, १० आक्रमक रिबाउंड, १५ टर्नओव्हर, १६ फ्री थ्रो. ६० वजा १० अधिक १५ अधिक ८, म्हणजे ७३. त्या संघाने ७३ गुण केले असतील तर दर खेपेला एक गुण, आणि या पातळीवर तो चांगला आकडा आहे. आता ५१-४१ सारखा निकाल पाहून "काय रटाळ सामना" म्हणण्याआधी हे गणित करा. कधी शॉट खरंच चुकलेले असतात, तर कधी दोन्ही संघ सावकाश, तीस सेकंदांचं घड्याळ संपत येईपर्यंत जागा शोधत खेळलेले असतात.

मग टर्नओव्हर कुणाचे आहेत ते बघा. पॉइंट गार्डचे सहा आणि समोरच्या संघाच्या स्टील्स (हिसकावलेले बॉल) अकरा असतील तर प्रेसने, म्हणजे कोर्टभर दबाव टाकणाऱ्या बचावाने काम केलं. टर्नओव्हर पंधरा पण स्टील्स चारच असतील, तर चुका आपल्याच: चालणं, बाहेर गेलेले पास, आक्रमणातले फाउल.

खेळलेली मिनिटं हा माझा आवडता रकाना. पाचही जणी ३५ मिनिटांच्या वर खेळल्या असतील आणि तो दोन दिवसांतला दुसरा सामना असेल, तर चौथ्या क्वार्टरमधले आखूड पडलेले थ्री-पॉइंटर त्यातच सापडतील. पाय थकले की शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो.

बॉक्स स्कोअरमध्ये दिसत नाही तेही सांगते. स्क्रीनवर, म्हणजे सहकारी खेळाडूला मोकळी करायला बचाव करणारीच्या वाटेत उभं राहून, अंग टाकणारी, समोरच्या संघाच्या उत्तम खेळाडूला बॉलच मिळू न देणारी, स्वतः रिबाउंड न घेता प्रतिस्पर्धीला रोखून धरणारी मुलगी कागदावर दोन गुण, तीन रिबाउंड एवढीच उरते. सामना पाहिलेल्यांनी तिचं नाव घ्यावं.

नियम पुरुषांच्या कॉलेज सामन्यांपेक्षा वेगळे आहेत का?

थोडे. महिलांचे सामने २०१५-१६ पासून दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचे असतात, पुरुषांचे वीस मिनिटांच्या दोन भागांचे. एका क्वार्टरमध्ये संघाचे पाच फाउल झाले की समोरच्यांना दोन फ्री थ्रो, आणि नवा क्वार्टर सुरू झाला की मोजणी पुन्हा शून्यापासून. बॉल किंचित लहान असतो. शेवटच्या मिनिटात टाइमआउट घेतला तर बॉल थेट पुढच्या अर्ध्या कोर्टात नेता येतो, त्यामुळे चार सेकंद उरले असतानाही आखून खेळलेली चाल बघायला मिळते. सामना संपला असं समजून खुर्चीतून उठू नका.

भारतातून सामने पाहता येतात का? वेळा काय असतात?

येतात. बहुतेक कॉलेजं आपल्या संकेतस्थळावर सामना थेट दाखवतात, पुष्कळ ठिकाणी फुकट. काही कॉन्फरन्स आता पैसे घेतात. चित्रण एकाच कॅमेऱ्याचं आणि समालोचन विद्यार्थ्यांचं असतं. ती पोरं दोन्ही संघांचा अभ्यास करून आलेली असतात.

हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटे साडेपाच. शिकागो, विस्कॉन्सिनकडचा सातचा सामना आपल्याला साडेसहाला. शनिवारी दुपारी दोनचा पूर्वेकडचा सामना म्हणजे आपल्या शनिवारची मध्यरात्र उलटून साडेबारा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, म्हणजे स्पर्धेचे शेवटचे सामने आपल्याला तासभर आधी लागतात. ऐन उपांत्य सामन्याला हे लक्षात न राहिल्याने पहिला क्वार्टर हुकतो.

चर्चेत काय बोलावं, काय बोलू नये?

कोचच्या निर्णयांवर बोला, झोन (जागा वाटून केलेला बचाव) का सोडला, टाइमआउट का राखून ठेवला यावर हवं तेवढं वाद घाला. खेळाडूच्या चुकलेल्या शॉटवर बोला. तिच्या शरीरावर, वजनावर, खासगी आयुष्यावर एक अक्षर नको. ती एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी आहे, फी भरून खेळतेय, आणि तिची आई हे वाचत असण्याची शक्यता इथे खरोखरच मोठी असते.

दुखापतीचे अंदाज बांधू नका. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. मैदानावर पडलेल्या मुलीबद्दल कॉलेजने काही जाहीर करेपर्यंत थांबणं एवढंच आपल्या हातात आहे. पंचांवरचा राग समजू शकते, पण दर पराभवानंतर फक्त फाउलचे आकडे मांडणाऱ्याशी कुणाला बोलावंसं वाटत नाही.

प्रत्यक्ष सामन्याला गेलं तर?

जरूर जा. तिकीट स्वस्त असतं, कधी नसतंच. अर्धा तास आधी पोचा आणि सराव बघा, कोण कुठून शॉट घेते ते तिथेच कळतं. मागे न बसता बेंचच्या समोरच्या बाजूला चौथ्या-पाचव्या पायरीवर बसा. तिथून मुली बचावात एकमेकींना ओरडून काय सांगतात ते ऐकू येतं: "स्क्रीन डावीकडून", "बदल", "मी आहे". चांगल्या संघाचा बचाव कानांनी ओळखता येतो.

फेब्रुवारीतला शेवटचा घरचा सामना चुकवू नका. त्या दिवशी चौथ्या वर्षाच्या मुलींचा सत्कार असतो. आईवडील हात धरून मैदानाच्या मध्यावर येतात, निवेदक मुलीचा विषय आणि पुढचे बेत वाचून दाखवतो. चार वर्षांत जेमतेम चाळीस मिनिटं खेळलेली मुलगी त्या दिवशी पहिल्या पाचात असते, आणि तिने बास्केट केली तर बेंच अख्खा उठतो.

कॉलेजच बंद पडलं तर संघाचं काय होतं?

हा प्रश्न आता वारंवार येतो, कारण छोट्या कॉलेजांची आर्थिक स्थिती बिकट आहे. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स, पेनसिल्व्हेनियातलं कॅब्रिनी, अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न ही तिन्ही २०२४ मध्ये बंद झाली. सेंट लुईसचं फाँटबोन २०२५ मध्ये गेलं. विद्यार्थ्यांना इतर कॉलेजांत जागा मिळवून देतात, खेळाडूंना तिथे लगेच खेळताही येतं. पण संघ विखुरतो, आणि त्या कॉलेजच्या जुन्या सामन्यांच्या नोंदी सांभाळणारं कुणी उरत नाही. अशा कॉलेजच्या संघाची जुनी कात्रणं, फोटो, कार्यक्रमपत्रिका तुमच्याकडे असतील तर ती जवळच्या ग्रंथालयाला देऊन टाका.

माझ्या मुलीला डिव्हिजन थ्रीमध्ये खेळायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

आधी कॉलेज निवडा, मग संघ. पहिल्याच महिन्यात गुडघा गेला आणि ती पुन्हा खेळूच शकली नाही, तरी तिला चार वर्षं तिथे राहायला आवडेल का, हे तिला विचारा. हो म्हणाली तर पुढे जा.

कोचला मुलीने स्वतः लिहावं, पालकांनी नाही. सोबत मार्क, उंची, खेळायची जागा आणि एका पूर्ण सामन्याचं चित्रण द्यावं. निवडक बास्केटचं दोन मिनिटांचं चित्रण सगळेच पाठवतात. कोचना बघायचं असतं ते शॉट चुकल्यावर मुलगी परत धावते का. उन्हाळ्यात बरीच कॉलेजं शिबिरं घेतात, परवडेल तर एखाद्याला जाऊन यावं. फीचा अंदाज कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या गणकावर आधीच काढून घ्या. जाहीर फी बघून घाबरू नका, मदत धरून भरायची रक्कम पुष्कळदा बरीच कमी निघते. परदेशी विद्यार्थिनींसाठी मदतीचे नियम कॉलेजागणिक वेगळे असतात, ते प्रवेश कार्यालयाला लेखी विचारा.

भेटीला गेलात की कोचला एक प्रश्न जरूर विचारा: पहिल्या वर्षी आलेल्या मुलींपैकी किती जणी चौथ्या वर्षापर्यंत संघात राहतात? आणि नंतर, कोच नसताना, तोच प्रश्न संघातल्या मुलींनाही विचारा.